तळघरात पुरेसा उजेड आढळतो

रुग्णालयाच्या तळघरातील औषधभांडारात दोन ट्यूबलाइट होत्या. पहिली गेल्या वर्षी निवृत्त झाली. दुसरीने मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता दोनदा डोळे मिचकावले आणि तीही सेवामुक्त झाली. त्या क्षणी फार्मासिस्ट ताईंच्या हातात एक पांढरी बाटली होती. जाळीपलीकडे, मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झालेल्या एक आजी हात पुढे करून उभ्या होत्या. ताई बाटली घेऊन जिन्यापाशी गेल्या, वरून येणाऱ्या उजेडात ती तिरपी धरून वाचली. कानाचे थेंब.

डोळ्यांच्या थेंबांची बाटली अगदी तशीच होती. फरक काय तो अक्षरांचा, आणि अक्षरे मुंगीच्या पायाएवढी. सव्वीस वर्षांत ताईंच्या हातून चुकीची बाटली एकदाही गेली नव्हती. त्यांनी ती परत ठेवली आणि दुसरी बाटली जिन्यापाशी वाचून आजींना दिली.

नियमानुसार दिव्याची तक्रार ॲपवरूनच करायची आणि सोबत जागेचे छायाचित्र जोडायचे. लोक पूर्वी धूसर फोटो पाठवत, म्हणून दोन वर्षांपेक्षा जुना फोन ॲपला चालत नसे. ताईंचा फोन मुलीने गेल्याच महिन्यात घेऊन दिला होता. त्याने 'स्थिर धरा' अशी आज्ञा केली, तीन सेकंद विचार केला आणि तळघराचे असे काही लख्ख उजळलेले चित्र दाखवले की ताईंना आपण चुकून दुसऱ्याच रुग्णालयात नोकरी करतो की काय, अशी शंका आली. अकरा मिनिटांत उत्तर आले: 'छायाचित्रात पुरेसा उजेड आढळतो. तक्रार निकाली.'

ताईंनी कॅमेऱ्याच्या भिंगावर अर्धे बोट ठेवून दुसरा फोटो पाठवला. 'छायाचित्र अंधारे असल्याने काहीही दिसत नाही. स्पष्ट छायाचित्र पाठवावे. तक्रार निकाली.'

तेव्हा त्या विद्युत विभागाच्या लिपिकाकडे गेल्या. त्याने पहिला फोटो पडद्यावर मोठा केला.

"ताई, मला तर कपाटावरच्या पालीची बोटंसुद्धा मोजता येतायत."

"तुम्हाला येतायत हो! तिथे पाल आहे हे मला फोटो बघून कळलं."

"मग फायदाच झाला की."

"अहो भाऊ, एकदा खाली या ना. स्वतःच्या डोळ्यांनी बघा."

"डोळ्यांनी बघितलेलं फाइलला कसं जोडायचं, ताई?"

ताई रुग्णालयाच्या अधीक्षकांकडे गेल्या. त्यांनी तीन जणांची समिती नेमली. समिती भर दुपारी, फोन पुढे धरून, पडद्यात पाहत तळघरात उतरली. एका सदस्याचा गुडघा कपाटावर आपटला. 'कपाट अयोग्य जागी आहे' अशी नोंद झाली. अहवालाचा सारांश असा: दोन वर्षांत फोनच्या कॅमेऱ्यातील सेन्सरची अंधारात पाहण्याची क्षमता लक्षणीय वाढली आहे, याउलट संबंधित कर्मचाऱ्याच्या डोळ्यांत सव्वीस वर्षांत कोणतीही सुधारणा आढळत नाही. सबब दोष खोलीचा नाही. यापुढे औषधे फोनमधून पाहून द्यावीत.

ताई भांडखोर नव्हत्या. त्यांनी तेही करून पाहिले, आणि फोन घेऊन तडक अधीक्षकांसमोर उभ्या राहिल्या.

"साहेब, अंधारात फोटो दाणेदार येतो ना, ते दाणे हा फोन पुसून टाकतो. बाटलीवरची बारीक अक्षरंही त्याला दाणेच वाटतात. तीही पुसतो."

अधीक्षकांनी पडद्यावर बोटे फिरवली. "पण पांढरा रंग काय आलाय हो! डाग म्हणून नाही कुठे."

"साहेब, तो डाग म्हणजे औषधाचं नाव होतं."

"तुम्हाला ना, ताई, प्रत्येक गोष्टीत खोटच दिसते. जरा ती रांग बघा, रस्त्यावर गेलीय."

रांग गेली होती, हे खरे. कारण ताई प्रत्येक बाटली जिन्यापाशी नेत, वाचत आणि मगच देत. लोक घड्याळ पाहत, मग ताईंकडे पाहत. शिपाईमामा कासावीस झाले.

"ताई, लोक शिव्या घालतायत. द्या ना अंदाजानं, एखाद वेळेला."

"मामा, बसा इथे. अंदाजानं तुमच्याच डोळ्यात घालते."

मामांनी डोळे घट्ट मिटले. मग उठले आणि बाटल्या जिन्यापर्यंत पोहोचवू लागले.

नवव्या दिवशी आदेश निघाला. रुग्णांचे वाढते असमाधान आणि कर्मचाऱ्याची दृष्टी या दोन्हींचा सहानुभूतीने विचार करून ताईंची बदली धुतलेल्या चादरींच्या खोलीत करण्यात आली. तिथे चार मोठ्या खिडक्या होत्या आणि वाचायचे काहीच नव्हते. चाव्या देताना ताई नव्या फार्मासिस्टला एवढेच म्हणाल्या, "वाचून द्या हं."

"दिसतंय की सगळं, ताई," तो फोनमध्ये पाहत म्हणाला.

रांग आता झपझप सरकते. ते तुम्हाला ठाऊकच आहे. बुधवारी तुम्हीही तीत होतात. बाटली चाळीस सेकंदांत हातात पडली, म्हणून घरी पोहोचण्याआधीच तुम्ही अभिप्रायात पाच तारे दिलेत. ताईंच्या वेळी वीस मिनिटे लागली होती, तेव्हा एकच दिला होतात. बाटलीवरचे नाव तेव्हाही वाचले नव्हते, आजही नाही. अक्षर फारच बारीक असते. असो. तुम्ही पलंगावर मान मागे टाकली आहे, खालची पापणी बोटाने ओढून धरली आहे. दाबा बाटली.