जागेअभावी खुनी पुढील अंकात

आमच्या घरी दर महिन्याला एक मासिक येतं आणि ते मी आईला मोठ्याने वाचून दाखवतो, हे प्रथम नमूद करतो. आईची नजर गेली आहे. कान आणि जीभ शाबूत आहेत. मासिकात वर्षभर चाललेली खुनाची कथा या अंकात संपायची होती. खुनी दंतवैद्यच, असं आईचं ठाम मत. माझा संशय बागेतल्या माळ्यावर. तिच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा तिने डॉक्टरांना बजावलं, "शेवटचं प्रकरण ऐकल्याशिवाय मी टेबलावर झोपणार नाही. मध्येच काही झालं तर?" डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली.

अंक आला तो 'नामवंत विशेषांक'. मी इमानेइतबारे वाचायला घेतला. एका नटाच्या फ्रिजमध्ये काय असतं, यावर चार पानं. एका गायिकेच्या मांजरीची दिनचर्या. एका उद्योगपतीला विचारलं होतं, तुम्ही स्वतःवर प्रेम कधी करू लागलात? त्याने अगदी तारीख सांगितली होती. शेवटच्या पानावर चौकट: 'जागेअभावी अंतिम प्रकरण पुढील अंकात.'

"मांजरीला जागा आहे आणि खुन्याला नाही?" आई कडाडली.

पुढच्या महिन्यात 'नामवंत विशेषांक, भाग दोन' आला. वाचकांच्या प्रचंड आग्रहास्तव. आम्ही दोघं गेली तीस वर्षं वाचक. आम्हाला कोणी विचारल्याचं आठवत नाही. दोन जिने चढताना आईला धाप लागू लागली होती. मी पाण्याचे मीटर वाचण्याच्या नोकरीतून अर्धा दिवस रजा काढली आणि मासिकाच्या कचेरीत धडकलो.

संपादक सौजन्याचे पुतळे होते. "शेवट तयार आहे हो," ते म्हणाले.

"मग खुनी कोण तेवढं सांगा. आईचं ऑपरेशन अडलंय."

"वाईट वाटतं. पण एकेका वाचकाला खाजगीत खुनी सांगण्याची आमच्याकडे तरतूद नाही."

"मग लेखकांना विचारतो."

"त्यांनाही माहीत नाही. शेवट आम्ही बदललाय. परवा तेही विचारायला आले होते." संपादकांनी आवाज खाली आणला. "असं बघा, सामान्य वाचकाच्या तक्रारीची आम्ही नोंद घेतो. नामवंताच्या तक्रारीवर कारवाई करतो."

"आणि नामवंत व्हायला काय करावं लागतं?"

"आमच्या अंकात यावं लागतं."

यात कुठेच खोट काढता येईना. शेवटासाठी ऑपरेशन अडवणारी म्हातारी, हा विषय संपादकांना पसंत पडला. दुसऱ्याच दिवशी त्यांची माणसं घरी आली. फोटोग्राफरने आमचं जेवणाचं टेबल बाहेर काढलं आणि स्वतःबरोबर आणलेलं जुनं टेबल आत ठेवलं, कारण आमचं पुरेसं साधं दिसत नव्हतं.

"आजी, जरा अजून आंधळ्यासारखं बघा," तो म्हणाला.

"अरे, बघता येत असतं तर आंधळी कशाला झाले असते?"

मुलाखत घेणाऱ्या बाईंनी या वयातल्या नितळ त्वचेचं रहस्य विचारलं. "तोंड धुते," आई म्हणाली. अंकात ते 'आजींचा जलोपचार' या मथळ्याखाली आलं. पुरी आठ पानं, रंगीत. मुखपृष्ठावर आई, मागे धूसर मी. आईने ती पानं माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. मी मीटर बघायला गेलो की लोक मला आत बसवून फोटो काढू लागले आणि मीटर बघायचा राहून जाऊ लागला. वरिष्ठांनीही ते मनाला लावून घेतलं नाही. त्यांना आईची सही हवी होती.

या अंकाच्या शेवटच्या पानावरही तीच चौकट होती. आता मात्र मी नामवंत म्हणून भांडायला गेलो. संपादक उभे राहिले. कॉफी आली.

"कारवाई करायची तयारी होती हो," ते हळहळले, "पण प्रकरण बरोबर आठ पानांचं. ती तुम्हीच घेतलीत."

ते पुढे झुकले. "पुढच्या महिन्यात आठ पानं मोकळी आहेत. तुम्ही म्हणाल तर प्रकरण छापतो. नाहीतर भाग चार काढतोय, 'नामवंतांची ऑपरेशनं'. आजी शोभतील. निर्णय तुमचा."

मी घरी येऊन सगळं आईच्या कानावर घातलं. प्रकरण वाचायचं की अंकात यायचं, ते तूच ठरव, म्हटलं. तिने केसांवरून हात फिरवला.

"डॉक्टरांना फोन कर, तारीख घे. आणि विचार, तिथे उजेड बरा असतो का."

"आणि खुनी?"

"खुनी कुठे पळून जातोय?"

मी फोन केला. मला तिची लाज वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर या वेळी आपण धूसर येऊ नये, एवढंच माझ्या मनात होतं. ऑपरेशन उत्तम झालं आणि भाग चार हातोहात खपला. कथेबद्दल कचेरीत एकाही वाचकाने विचारलं नाही, असं संपादक सांगतात.

तुम्ही आम्हाला हसत असाल. खुशाल हसा. पण इथवर वाचत आलात, आजींची त्वचा तुमच्या लक्षात राहिली. खून कोणाचा झाला होता, हे तुम्हीही विचारलं नाहीत.