उजेडाकडं तोंड

भाषण ऐकायला बसताना दोन्ही कानांत कापूस घालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी देवकते आप्पा. कापूसही देवाच्या वातींसाठी आणलेल्या पुडक्यातला, नीट पिंजलेला. तो बोटाने दाबून बसवायचा, गुडघ्यांवर हात ठेवायचे आणि अंगणात उभ्या असलेल्या माणसाला म्हणायचे, "हं, सोडा गाडी."

मग तो माणूस ओट्यासमोर उभा राहून भाषण सुरू करी. कुणाला ग्रामसभेत रस्त्यासाठी बोलायचं असे, कुणाला पंचायतीच्या निवडणुकीत मतं मागायची असत, एखाद्या मुलीला वक्तृत्व स्पर्धेला जायचं असे. कळंबमध्ये भाषण शिकायचं तर आप्पांकडे जावं, असं अलीकडे मोंढ्याच्या बाजारातसुद्धा बोललं जातं. शिकवणीची फी नाही. अट एकच, वेळ संध्याकाळची आणि जागा ओट्याचीच.

आप्पांचं घराणं मेंढरं राखणारं. त्यांतून शिकून बाहेर पडले ते आप्पा एकटेच. बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून लागले आणि सगळी नोकरी लाऊडस्पीकरसमोर काढली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते सांगायचं. आप्पांचा आवाज खणखणीत. तरीही उभ्या नोकरीत असा दिवस गेला नाही की घोषणा संपल्या संपल्या कुणीतरी खिडकीशी येऊन "सायेब, येरमाळा लागली का?" असं विचारलं नाही.

"आताच तर बोंबललो," आप्पा सांगायचे. "पर त्याला माझ्या तोंडून ऐकायचं असतंय. माणूस कानानं ऐकत न्हाय, मास्तर. तोंड बघून इस्वास ठेवतो. म्हणून म्या कान बंद करतो. नुसतं तोंड बघून मला कळलं, तर भाषण पास."

हा सिद्धांत ऐकून मी पहिल्यांदा हसलो होतो. पण लोकांना फरक पडत होता, हेही खरं.

आप्पांचे नियम सगळे बसस्थानकावरून उचललेले. पहिला नियम म्हणजे पाटी लावा. भाषण कुठं जाणार हे पहिल्याच वाक्यात सांगा, पाटी बघूनच माणूस चढतो. दुसरा म्हणजे सुट्टे द्या. 'विकास', 'प्रगती' अशा बंद्या नोटा लोकांच्या कामाच्या नाहीत, त्यांना हातात घेता येईल असं काहीतरी सांगा. आणि जे भाषण संपायचं नाव घेत नाही त्याला ते 'मुक्कामी गाडी' म्हणत. "ही आता सकाळशिवाय सुटत न्हाय," म्हणून खुशाल तंबाखू मळायला घेत.

काही नियम मात्र बसस्थानकात बसत नव्हते. बोलताना तोंड उजेडाकडं पाहिजे. हात तोंडासमोर नको. तोंडात गुटखा असेल तर अंगणातून बाहेर. आणि मिशा. तेरखेड्याचा एक उमेदवार आला होता, घरचा धंदा फटाक्यांचा, आवाजही त्याच मापाचा. वरच्या ओठावर झुपकेदार मिशी, दोन्ही टोकं गालावर गेलेली. त्याने 'उपस्थित बंधू-भगिनींनो' म्हटलं तेव्हा समोरच्या भोसले सरांच्या झाडावरचे बगळे उडाले. आप्पांनी कापूस काढून शांतपणे निकाल दिला.

"आवाज झाला. उजेड न्हाय पडला. मिशा कमी करा, मतं वाढतील."

"आप्पा, मिशी वडिलांपासून चालत आलीया," तो म्हणाला.

"मग वडिलांना उभं करा."

दुसऱ्या दिवशी गडी मिशी कातरून आला. निवडूनही आला. त्यात मिशीचा वाटा किती, ते मतदारांनाच ठाऊक.

हे सगळं चाललेलं असताना काकू, म्हणजे आप्पांच्या मंडळी, दारात सूप घेऊन तूर निवडत बसलेल्या असत. हात सुपात आणि नजर भाषण करणाऱ्यावर. कधीकधी एखाद्या वाक्याला खुदकन हसत. आप्पा मधूनच मान वळवून त्यांच्याकडे बघत. चहाची वाट बघत असावेत, असं मी धरून चाललो होतो. काकू एरवी कुणाशी फारशा बोलत नसत. रस्त्यातून हाक मारली तरी वळत नसत. "नवरा भाषणवाला झाल्यापासून भाव वाढलाय बाईचा," असं माझी बायको म्हणायची, आणि कॉलनीतल्या बायकांचं या एका बाबतीत एकमत होतं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. या वर्षी प्राचार्यांनी पालकसभेत बोलायचं काम माझ्या गळ्यात घातलं. आसपासच्या खेड्यांतल्या मुली दहावी झाल्या की घरी बसवतात, त्यांच्या बापांना पटवायचं. मी चांगलं चार पानी भाषण लिहून ओट्यासमोर उभा राहिलो. दुसऱ्या पानावर आप्पांनी मागे काकूंकडे पाहिलं, कापूस काढला आणि हात वर केला.

"तुमी धडा देताय. पटवत न्हाईत. न्हाय कोण म्हणतंय, त्याचं नाव सांगा."

"पालक म्हणतात."

"पालक कुणाचं नाव असतंय का? एक माणूस डोळ्यासमोर बसवा. त्याची पोरगी कोण, ती कुठल्या गाडीनं येणार, परत किती वाजता घरी पोचणार, ते सांगा. बापाला देश न्हाय बघायचा, पोरगी अंधाराच्या आत आली का ते बघायचंय."

चार पानांचं एक पान झालं, आणि मान्य करायला जड गेलं तरी ते पान बरं होतं.

इकडे भोसले सरांची सहनशक्ती संपत आली होती. भोसले सर निवृत्त मुख्याध्यापक, आमच्या कॉलनीचे सचिव, आणि त्यांचं घर ओट्याच्या बरोबर समोर. मिशीवाल्या उमेदवारापासून त्यांचा रक्तदाब वाढला होता. एका रविवारी सकाळी गणपतीच्या देवळाच्या मंडपात त्यांनी कॉलनीची सभा बोलावली. विषय एकच, देवकत्यांच्या ओट्यावरची भाषणं बंद करणे.

"मी स्वतःच्या घरात बनियनवर बसलेला असतो," भोसले सर म्हणाले, "आणि रोज संध्याकाळी कुणीतरी मला 'उपस्थित मान्यवर' म्हणतं. माणसाने विसावा घ्यायचा कधी?"

लोक हसले, आणि हसलेले लोक त्यांच्या बाजूला गेले. मग आप्पा उठले. कॉलनीने प्रथमच त्यांना भाषणाला उभं राहिलेलं पाहिलं. धुतलेला पांढरा सदरा, दाढी घोटून केलेली. मंडपाच्या ज्या बाजूने ऊन येत होतं तिकडं तोंड करून ते उभे राहिले.

"माझा ओटा चालू राहावा, एवढंच मागतोय," त्यांनी पाटी लावली. मग सुट्टे दिले. ओट्यावर तयार झालेली मुलगी स्पर्धेत पहिली आली, कुणाच्या गावचा रस्ता झाला, आमच्याच कॉलनीतल्या एका पोराला मुलाखतीत नोकरी लागली. माणसं ऐकायला लागली होती. मला वाटलं, जमलं.

तेवढ्यात भोसले सरांनी विचारलं, "काम चांगलं आहे, आप्पा. कोण नाही म्हणतं? पण ते वाचनालयाच्या हॉलमध्ये करा. मी स्वतः किल्ली मिळवून देतो. तुमच्या ओट्यावरच का?"

प्रश्न सरळ होता. आप्पांनी तोंड उघडलं. त्यांची नजर बायकांच्या बाजूला गेली. तिथं काकू बसल्या होत्या, आप्पांच्या तोंडाकडे एकटक बघत. आप्पांनी तोंड मिटलं. पुन्हा उघडलं.

"ओट्यावरच बरं पडतं," ते म्हणाले आणि खाली बसले.

सगळ्यांना पटवायला शिकवणारा माणूस असा बसला याचं मला आश्चर्य वाटलं, थोडी लाजही वाटली. ठराव पास झाला. भोसले सरांनी तो शुद्ध मराठीत वाचून दाखवला. सदर ओट्यावर आवाज होईल असे कोणतेही भाषण करू नये.

त्याच संध्याकाळी मी आप्पांचं सांत्वन करायला गेलो. दुसऱ्या दिवशी माझी पालकसभा होती, पण तो विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं. बघतो तर आप्पा ओट्यावर, कानात कापूस, मागे दारात काकू आणि सूप.

"सोडा गाडी," आप्पा म्हणाले.

"ठराव झालाय ना?"

आप्पांनी एका कानातला कापूस काढून मला पुन्हा बोलायला लावलं आणि म्हणाले, "ठराव आवाजाचा झालाय. भाषणाचा न्हाय. आवाज न काढता बोला."

मग मावळतीचा उजेड तोंडावर घेऊन, नुसते ओठ हलवत, मी मुलींच्या शिक्षणावर बोलू लागलो. समोर भोसले सर फाटकाला धरून उभे होते. त्यांना काय चाललंय ते दिसत होतं, पण ठरावात बसत नव्हतं. आप्पा गंभीरपणे मान हलवत होते. मला पहिल्यापासूनच संशय होता की या माणसाला कापूस घातल्यावर ओ की ठो कळत नाही. म्हटलं, आज धरूच यांना. 'तुमची मुलगी साडेपाचच्या गाडीने' या वाक्यानंतर मी तोच चेहरा ठेवून, ओठांनीच म्हणालो, 'काकू, अर्धा कप चहा मिळेल का?'

आप्पांनी मान डोलावली. "हे वाक्य चांगलं हाय. ठेवा."

आणि त्यांच्या मागे काकू सूप बाजूला ठेवून उठल्या आणि आत गेल्या. आतून गॅस पेटवल्याचा आवाज आला.

मी थांबलो. आप्पा म्हणाले, "का थांबला?" आणि सवयीने त्यांनी मागे वळून पाहिलं. दार रिकामं होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आतून काकूंचा आवाज आला, "मास्तर, अर्धा कशाला, भरूनच टाकते की."

आप्पांनी दोन्ही कानांतला कापूस काढून सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"ऐकू येत न्हाय तिला," ते हलक्या आवाजात म्हणाले. "लई दिस झालं. मशीन आणली, पर त्यात तिला सगळं कढईत मोहरी तडतडल्यागत होतंय. डबीतच असती. तोंड बघून कळतंय तिला, उजेड असला म्हंजी. मला कुठलं कळतंय? ती मान हालवती, म्या बी हालवतो."

"मग कुणाला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं की लोकं वरडत्यात. अन् वरडून माणूस कामाचंच बोलतो बघा. जेवला का, नळ आला, भाजीवाला आला. इनाकारण काही बोलायचं असलं तर ते वरडून न्हाय बोलता येत. म्या सगळी नोकरी तसंच बोललो, फलाट सोडून दुसरं काही न्हाय. तिला बोलणं ऐकायचा लई नाद. आधी दारात बायकांची बैठक असायची. मग ती हाकंला ओ देईना, बायका येईनाशा झाल्या. मग म्हटलं, बोलणारी माणसं आपणच दारात आणावी, नीट तोंड उघडून बोलणारी."

काकूंना मी 'भाव वाढलेली बाई' समजत होतो. मला वाईट वाटलं, आणि आप्पांचा रागही आला.

"सकाळी सभेत एवढंच सांगितलं असतं तर सगळ्यांचे हात वर गेले असते."

"गेलं असतं," आप्पा म्हणाले. "पर ती समोर बसली होती. माझं तोंड बघत."

चहा आला. भरून, साखर बेताची.

दुसऱ्या दिवशी पालकसभेत मी खिडकीकडे तोंड करून बोललो. सगळे बाप काही पटले नाहीत. एक जण जाताना म्हणाला, "इचार करतो, सर." आप्पांच्या हिशेबी हे अर्धं तिकीट. जून महिन्यात त्याची मुलगी वर्गात दिसली.

ठराव अजून कायम आहे. ओट्यावर संध्याकाळी माणसं येतात आणि ओठ हलवतात, काकू हसतात, भोसले सर फाटकाशी उभे असतात. हे सगळं लिहू का, असं मी काकूंना विचारलं. त्या विचार करून म्हणाल्या, "लिवा. आता कुठवर झाकायचं. पर वाचून कुणी आलं तर वरडू नका म्हणावं. उजेडाकडं तोंड करून बसा."

मीही हल्ली भाषण नसताना जातो. ओट्यावर उजेडाकडं तोंड करून बसतो आणि काकूंना वर्गातल्या, मोंढ्यातल्या, बायकोने सांगितलेल्या निरुपयोगी गोष्टी सांगतो. काकूंचं सूप मांडीवर तसंच राहतं. आप्पा शेजारी बसतात आणि मी बोलायला लागलो की खिशातून कापूस काढून कानात घालतात.

एकदा मी खुणेने विचारलं, आता कापूस कशाला? सगळं तर मला ठाऊक आहे.

"तिच्याकडं आलेलं माणूस हाय," आप्पा म्हणाले. "तुमचं बोलणं म्या कशाला ऐकू?"