बिंदग्यातली आगगाडी

ह्या वर्षी नाताळ आणि येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, एकाच दिवशी आले. त्याच दिवशी लेकीला, अंबिकाला, बघायला देगलूरचे पाहुणे यायचे होते, म्हणून उमादेवींनी नवऱ्याकडून गळ्याची शपथ घेववली.

"तुमची ती आगगाडी पाहुण्यांच्या नजरेला पडली ना, तर उद्याच माडी रिकामी. सगळं भंगारवाल्याला," त्या म्हणाल्या. "सासरा येडा हाय म्हणून दोन स्थळं गेली. हे तिसरं घालवू नका."

"न्हाई पडणार," मलप्पा म्हणाले. शपथ नजरेला पडण्याबद्दल होती, चालवण्याबद्दल नव्हती, असा अर्थ त्यांनी आपल्या सोयीनं काढला.

मलप्पांची उदगीरच्या मोंढ्यातली आडत आता मुलगा वीरेश बघायचा. सात वर्षांचे असताना ते वडिलांबरोबर मिशनच्या बंगल्यावर ज्वारी पोचवायला गेले, तेव्हा तिथं नाताळच्या झाडाभोवती किल्लीची, पत्र्याची आगगाडी फिरत होती. झाडामागं गेलेली गाडी परत येते की नाही ह्या काळजीनं पोरगं बसलं ते वडिलांनी कान धरून उठवेपर्यंत. तेव्हापासून लागलेलं वेड काही उतरलं नाही. माडीवर उदगीरपासून लातूर रोडपर्यंतची स्टेशनं उभी राहिली. मिशनमधल्यासारखीच किल्लीची गाडी त्यांनी मिळवली, आणि ती तर दर नाताळाला फिरलीच. गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी ती दवाखान्यातल्या पलंगाखाली फिरली होती.

पण येळवशीला घरात कोण थांबतो? अख्खं गाव कुलपं लावून शेतात जातं, कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पूजा करतं आणि येईल त्याला शेंगा-पालेभाज्यांची भज्जी खाऊ घालतं, ताकातली आंबील पाजतं. म्हणून मलप्पांनी आदल्या दिवशी इंजिन, तीन डबे आणि सुटे केलेले रूळ मातीच्या एका बिंदग्यात, घागरीत, भरले, तोंडाला फडकं बांधलं आणि वीरेशला बाजूला घेतलं.

"पाण्याचं हाय म्हण आन् मोटारसायकलवर घालून ने. शेजारच्या सटवाजीच्या कडब्याच्या गंजीत दडव. जेवून पाहुणे लवंडले की मी तिकडं जाऊन एक फेरी मारून येतो."

इथवर सगळं चोख होतं. फक्त ते बिंदगं त्यांनी स्वयंपाकघरात आंबिलीच्या बिंदग्याशेजारी ठेवलं. दोन्ही एकाच कुंभाराची, दोन्हींवर एकाच जुन्या धोतराचं फडकं.

सकाळी उमादेवींनी बिंदगं उचलून नवऱ्याच्या डोक्यावर दिलं आणि रीतीप्रमाणे वरून घोंगडी पांघरवली. मलप्पांनी उंबरा ओलांडला आणि डोक्यावर काहीतरी खळ्ळकन वाजलं. आंबील अशी वाजत नाही. बिंदगी बदलली, हे त्यांना उमगलं. पण त्यांच्या घरची रीत अशी, की आंबील नेणाऱ्यानं कोपीचे पाच फेरे होईपर्यंत तोंडातून ब्र काढायचा नाही.

"पळी आतच राहिली जणू," उमादेवी म्हणाल्या. वीरेश दुसरं बिंदगं घेऊन केव्हाच पुढं गेला होता.

मलप्पा मुक्यानं शेतापर्यंत चालले. पाहुणे येऊन बसलेच होते. रिटायर हेडमास्तर शरणप्पा, त्यांच्या पत्नी शिवम्मा, आणि मुलगा, जो अंबिकाला सोडून सगळीकडं बघत होता. फेरे सुरू झाले. मागची मंडळी येळवशीचा 'ओलगे ओलगे'चा घोष करू लागली. पिकावर आंबील शिंपडण्यासाठी मलप्पांनी फडक्याखाली हात घातला. हाताला डबा लागला. त्यांनी भक्तिभावानं रिकामी मूठ हरभऱ्यावर झाडली. पाचही फेरे असेच झाले.

"आंबील लई पातळ दिसून राहिली," मागून शरणप्पा म्हणाले. "पडलेली दिसतच न्हाई."

आता बोलायला हरकत नव्हती, म्हणून मलप्पांनी तोंड उघडलं. तेवढ्यात उमादेवींनी बिंदगं घेतलं आणि शिवम्मांच्या वाडग्यात ओतायला तिरपं केलं. वाडग्यात इंजिन पडलं.

"मग आंबील कुठाय?" उमादेवींनी अगदी हळू विचारलं. त्यांच्या ह्या हळू आवाजाला मलप्पा चाळीस वर्षं घाबरत आले होते.

वीरेश गंजीकडं पळाला. पण तिकडून सटवाजीच आला, हातात रिकामं बिंदगं घेऊन.

"आण्णा, चोरून कशाला ठिवायची? हाक मारायची की. आमची वीस मान्सं पिऊन गार झाली. आता तुम्हाला आमची धाडतो."

येळवशीच्या आंबिलीवरून कोणी कोणाशी भांडत नाही. उमादेवींना हसून "असू द्या" म्हणावं लागलं.

"ह्याची किल्ली कुठाय?" शरणप्पांनी इंजिन उलटंपालटं करत विचारलं.

मलप्पांनी बंडीच्या खिशातून किल्ली काढून दिली. आता लपवायचं काय राहिलं होतं? बापाचं उतरलेलं तोंड अंबिकाला बघवेना. तिनं कोणाला न विचारता सतरंजीवर भराभर रूळ जोडले. गाडी फिरू लागली. हेडमास्तर मांडी घालून बसले. गाडी भज्जीच्या पातेल्यामागं गेली की ते मान लांब करून वाट बघायचे. मलप्पांना फार बरं वाटलं. पण पोरीचं स्थळ हातचं गेलं ह्याबद्दल त्यांना शंका नव्हती.

अर्ध्या तासानं शिवम्मा उमादेवींकडं वळल्या. "पोरगी पसंत हाय आमाला. पोरानं तर तिच्यापायी अजून भज्जीला हात लावला न्हाई, मंजे बघा. पर एक मागणं हाय."

"बोला की."

"ही गाडी पोरीसंगं द्या. रिटायर झाल्यापासून हे दिवसभर माझ्या मागं फिरून राहिलेत. मीठ कमी घाल, गॅस बारीक कर, डब्याला झाकण लाव. तीन वर्षांत आज पहिल्यांदा गप बसले."

मलप्पांनी मान खाली घातली. पोरीसाठी गाडी द्यावी लागली तर देऊ, असं त्यांनी मनाशी म्हटलं, पण इंजिनाकडं बघवेना. उमादेवी 'आत्ताच न्या' म्हणणार हे तर ठरलेलंच होतं.

उमादेवींनी नवऱ्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. माडी रिकामी झाल्यावर हा माणूस दिवसभर कुठं उभा राहील, ते त्यांना तिथं शेतात बसल्याबसल्या दिसलं असावं.

"पोरगी न्या," त्या म्हणाल्या. "गाडी मिळायची न्हाई."

वीरेशनं डोळे मिटून घेतले. शिवम्मा मात्र उमादेवींकडं बघत राहिल्या. मग त्यांनी समजूतदारपणे मान हलवली.

"बरं. मग ह्यांलाच इकडं धाडते. दर म्हैन्याला आठ दिवस."

"चार," उमादेवी म्हणाल्या.