त्रेपन्नावी बरणी

कपाट लावावं तर मीच! ह्यांच्या दवाखान्यात एकोणीस वर्षं पेशंटना औषधं काढून देतेय. डोळे बांधा, तरी तापाची गोळी बरोब्बर हाताला लागेल!

तर एक दिवस पत्र आलं. स्वतः औषधं देणाऱ्या डॉक्टरांची तपासणी होणार. औषधं नीट ठेवलेली नसली तर देण्याची परवानगी रद्द! ह्यांचा चेहरा पांढराफटक. औषधांचं दुकान बसने दीड तासावर. आमची म्हातारी मंडळी जाणार कशी?

"तुम्ही पेशंट बघा. कपाट माझ्यावर सोडा!" मी म्हटलं.

तिथंच माशी शिंकली.

रविवारभर खपले. चुरगळलेले खोके, अर्ध्यामुर्ध्या पट्ट्या... शी! बावन्न एकसारख्या बरण्या आणल्या, वर दुकानदाराने एक फुकट दिली, ती घरीच रिकामी राहिली. एकूण एक गोळी पट्टीतून सोलून बरणीत भरली. अंगठे सुजून टम्म! बरणीवर ठसठशीत अक्षरात नाव. रिकामे खोके, पट्ट्या केराच्या गाडीत. कपाट कसं नव्या नवरीसारखं दिसत होतं!

तपासणीच्या बाई आल्या. "वा!" म्हणाल्या. माझी मान ताठ. मग त्यांनी एक बरणी उचलली.

"ह्या गोळ्यांची मुदत कधी संपते?"

"ते खोक्यावर असतं ना," मी सांगितलं.

"आणि बॅच नंबर?"

"तोही खोक्यावरच."

"मग खोके दाखवा."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी छताकडे पाहिलं.

बाहेर बाकावर आमचे जुने पेशंट बसले होते, निवृत्त मास्तर. त्यांना राहवेना. "अहो बाई, इथलं काम चोख! थांबा, पुरावाच आणतो!" दुखऱ्या गुडघ्यांनी तुरूतुरू घरी गेले आणि मीच बांधून दिलेल्या पिशवीभर पुड्या आणून टेबलावर ओतल्या. एकीवरही नाव नाही!

"ही गुडघ्याची... का पोटाची? सहा वर्षं जपून ठेवल्यात. लागेल तशी घेतो. मला काही झालंय का, सांगा!"

बाई भराभरा लिहीत सुटल्या.

"मास्तर, पाया पडते, खाली बसा!" मी म्हटलं.

कपाटाला सील लागलं. पुढचा निर्णय होईपर्यंत औषधं देणं बंद. हे ओरडले असते तर बरं वाटलं असतं हो! ह्यांनी मास्तरांना नुसती औषधाची चिठ्ठी लिहून दिली. मास्तरांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"ही खायची कशी, डॉक्टर?"

कुणीच हसलं नाही.

माझी रक्तदाबाची गोळीही सीलमागे, सतराव्या बरणीत. दुसऱ्या दिवशी मास्तर आणि मी एकाच बसने निघालो. दीड तास त्यांनी गुडघे चोळले, मी खिडकीबाहेर पाहिलं. माझ्याच्याने त्यांच्याकडे बघवेना.

घरी आले. डोक्यात नुसता विचारांचा भुगा. हे दारातून आत येत म्हणाले, "अगं, गोळ्या मिळाल्या ना? मुदत बघितलीस का खोक्यावर?"

मी मान खाली घातली. माझ्यासमोर ती फुकटची त्रेपन्नावी बरणी होती, नव्या सोललेल्या गोळ्यांनी गळ्यापर्यंत भरलेली. आणि बाहेर केराची गाडी कोपऱ्यावरून वळत होती.