गच्चीवरचे पथ्यपाणी

गच्चीवरच्या टोमॅटोंना विरघळलेले खत पाजणे हे बागकाम आहे असे जो म्हणेल, त्याने सिस्टरांची सकाळची फेरी पाहिलेली नाही, एवढेच सिद्ध होईल. इस्पितळातील मुख्य परिचारिकेच्या पदावरून निवृत्त होऊनही ज्यांना सारी इमारत ‘सिस्टर’ म्हणे, त्या बाईंनी गच्चीवर एक वॉर्डच थाटला होता. कुंड्या खाटांसारख्या रांगेत. छोट्या पंपाला जोडलेली खताची टाकी. तिच्यापासून निघालेली मुख्य नळी. आणि प्रत्येक कुंडीशी थेंब थेंब पाणी सोडणारी एक बारीक तोटी. पान पिवळे पडले की सिस्टर ते उलटून पाहत आणि निदान करीत. ते चुकल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही.

या वॉर्डावर एकच टांगती तलवार होती. इमारतीचे अध्यक्ष नेमके गच्चीखाली राहत, आणि त्यांनी भर सभेत बजावले होते, “माझ्या बाल्कनीत एक थेंब जरी पडला, तरी त्याच दिवशी गच्ची रिकामी करायची!” आजवर थेंब पडला नव्हता.

बहिणीच्या डोळ्याचे ऑपरेशन निघाले आणि सिस्टरांना गावाला जावे लागले. वॉर्डाचा ताबा यजमानांकडे, म्हणजे निवृत्त पोस्टमास्तरांकडे आला.

“उद्या पांढरी पुडी, कॅल्शियमची,” सिस्टरांनी सांगितले. “परवा नुसतं पाणी. निळी पुडी मी आल्यावर मीच देईन. दोन्ही एकत्र करायच्या नाहीत.”

“मी काय कुकुलं बाळ आहे?”

“बाळ परवडलं. ते पुड्या फोडत नाही.”

पोस्टमास्तर आळशी नव्हते. असते तर पुढचा अनर्थ टळला असता. जे टपाल एका खेपेत पोहोचते त्यासाठी दुसरी खेप करणे हा त्यांच्या लेखी गुन्हा होता. दोन्ही पुड्या शेवटी त्याच झाडांच्या पोटात जायच्या, मग थैल्या दोन कशाला? त्यांनी दोन्ही टाकीत रिकाम्या केल्या, मनापासून ढवळल्या आणि पंप सुरू केला.

टाकीतले पाणी लिंबू पिळलेल्या दुधासारखे नासले. गाळणीच्या जाळीत गाळ अडकला, म्हणून त्यांनी जाळीच काढून ठेवली. त्यामुळे गाळ पुढे सरकला आणि एकेक तोटी बंद पडली. तोट्या बंद, म्हणजे दाब अपुरा, असा निष्कर्ष काढून त्यांनी पंप पूर्ण जोरावर नेला. प्रत्येक पायरी तर्काला धरून होती. जिनाच तेवढा चुकीच्या दिशेने उतरत होता. कठड्याजवळचा सांधा फटकन निखळला आणि पांढरट धार थेट खालच्या बाल्कनीत गेली.

तेथे अध्यक्ष नुकताच कलप लावून वाळवीत बसले होते. क्षणात ते गच्चीवर प्रकटले.

“हे काय आहे?” केसांवरून ओघळणाऱ्या लगद्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारले.

“जेवण,” पोस्टमास्तर चाचरले.

“कुणाचं?”

“टोमॅटोचं.”

“आजच! आत्ताच! सगळ्या कुंड्या खाली! कमिटीला बोलावून घेतो!” आणि त्यांनी तिथूनच फोन लावला.

बहिणीला लवकर घरी सोडल्यामुळे सिस्टर याच घटकेला पिशवीसकट जिन्यातून वर आल्या. त्यांनी एकदा टाकीकडे पाहिले, एकदा नवऱ्याकडे. मग रुग्णाकडे वळल्या.

“डोळे मिटा. बोलू नका, तोंडात जाईल.”

ज्यांचे तोंड सभेत कोणालाही मिटवता आले नव्हते, त्यांनी ते मिटले. सिस्टरांनी त्यांना बसवले, स्वच्छ पाण्याने डोके धुतले, नाडी पाहिली. “एवढा संताप या वयात बरा नाही. बसल्याबसल्या ही नळी धरा. उंच. अजून उंच.”

“दोन्ही पुड्या घातल्यात ना?” त्यांनी नवऱ्याला विचारले.

“एका थैलीत दोन पत्रं टाकली म्हणून ती काय भांडतात?”

“आणि एका बाटलीत दोन औषधं मी जन्मात कधी भरली? खाली जा. चहा टाका.”

मग त्यांनी टाकी उपसली, मुख्य नळीचे टोक उघडून गाळ बादलीत काढला, तोट्या सुईने मोकळ्या केल्या, सांधा बसवला. हातांत घाई नव्हती आणि एकही हालचाल वाया जात नव्हती. पाहणाऱ्याने टोपी काढावी असे ते काम होते. कमिटी येऊन पोहोचली तेव्हा स्वतः अध्यक्ष वॉर्डबॉयसारखे नळी उंच धरून उभे होते आणि प्रत्येक कुंडीत थेंब पुन्हा पडू लागला होता.

“छान चाललंय,” अध्यक्ष ओशाळून म्हणाले, “पण शब्द तो शब्द. थेंब पडलाय. गच्ची रिकामी व्हायलाच हवी.”

“व्हायलाच हवी,” सिस्टर शांतपणे म्हणाल्या. “पण आधी निदान करा. दुखतो पाय आणि कापायचा हात, असं नको. कुंड्या इथं किती दिवस आहेत?”

“वर्षं झाली.”

“थेंब पडला होता?”

“नाही.”

“मग आज गच्चीवर नवीन काय होतं?”

सर्वांच्या नजरा एकदम जिन्याच्या तोंडाकडे वळल्या. तेथे पोस्टमास्तर चहाचा ट्रे घेऊन उभे होते.

ठराव तिथेच मांडला गेला: रोगाचे मूळ गच्चीवरून कायमचे हलवण्यात यावे. विरोधात एकही मत पडले नाही. निदानातील बिनतोड तर्काने पोस्टमास्तर इतके भारावून गेले, की ट्रे खाली ठेवून सर्वांत आधी त्यांनीच हात वर केला.