डॉक्टर बोलावला होता का?

भुताचं म्हणून फेमस असलेल्या बिल्डिंगमध्ये शिरण्याआधी आमचे वानखेडे काका दारावर तीन थापा मारतात आणि मोठ्यांदा म्हणतात, "जय भीम!"

मग घड्याळात बघत दहा आकडे मोजतात. आतून कोणी काही बोललं नाही की खिशातली लाल वही काढून शेवटच्या रकान्यात लिहितात, 'उत्तर नाही.' आणि मग टॉर्च, थर्मामीटर आणि फटी बुजवायची कॉकिंग गन घेऊन आत जातात.

मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला हसू आवरेना. म्हटलं, "काका, इथलं भूत गोरं असणार ना! त्याला जय भीम काय कळणार?"

"नाही कळलं तर 'सॉरी' तर म्हणन ना बाप्पा," काका म्हणाले. "कॅनडातलं आहे."

आधी मी कोण ते सांगते, नाहीतर सगळं उलटसुलट होईल. मी साताऱ्याची, कॅल्गरीत कॉलेजला आले, आणि काकांच्या बेसमेंटमध्ये राहते. काका मूळचे यवतमाळकडचे, वीसेक वर्षांपासून इथे. पाइपलाइनमध्ये लीक शोधायचं काम करतात. म्हणजे ऑफिसात बसून शेकडो किलोमीटर लांबचं प्रेशर बघायचं आणि कुठे काय गळतंय ते सांगायचं. काकू नर्स आहेत, त्यांना वीकेंडला शिफ्ट असते. काकांच्या भुतांबद्दल विचारलं की त्या एवढंच म्हणतात, "त्यांच्या भुतांना रविवारची सुट्टी असते, मला नसते."

मी त्यांच्या टीममध्ये कशी आले? भीतीने! बेसमेंटमध्ये राहायला आले त्याच आठवड्यात एका संध्याकाळी भिंतीतून ठक... ठक... ठक... सुरू झालं. आमच्या घरी दारावर लिंबू-मिरची, अमावस्येला नारळ, सगळं साग्रसंगीत. मी मोज्यांवरच जिना चढून किचनमध्ये. काकू शिफ्टला निघाल्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि आत हाक मारली, "अहो, तुमचं गिऱ्हाईक आलं!"

काकांनी मला परत खाली नेलं, खुर्चीवर बसवलं आणि हातात वही दिली. "घाबरायचं मंग घाबरजो. आधी मोज. किती मिनिटांनी येते?"

बारा मिनिटांनी येत होतं. घर गरम करायची फर्नेस सुरू झाली की तिच्या डक्टचा पत्रा तापायचा, फुगायचा आणि ठक ठक वाजायचा. काकांनी ते माझ्याच हाताने वहीत लिहून घेतलं. जागा: माझा बेसमेंट. तक्रार: ठक ठक. कारण: पत्रा. उपाय: दोन स्क्रू. त्या दिवसापासून मी शांत झोपते, हे कबूल केलंच पाहिजे. "कारण सापडते पोरी," काका म्हणाले, "बसून शोधलं तर सापडतेच."

मग रविवारी मी त्यांची गाडी चालवायला लागले. मला क्लास फाइव्ह, म्हणजे इथल्या पक्क्या लायसन्ससाठी हायवेची प्रॅक्टिस हवी होती आणि काकांना आजूबाजूला बघायला दोन्ही डोळे मोकळे हवे होते. कॅल्गरी सोडून पूर्वेला निघालं की अर्ध्या तासात सगळं सपाट होतं. इतकं सपाट की रस्ता संपतच नाही, फक्त आकाश सुरू होतं. मध्येच एखादं ग्रेन एलिव्हेटर, म्हणजे धान्य साठवायचा लाकडी मनोरा, एकटाच उभा. आजूबाजूचं गाव केव्हाच उठून गेलेलं. अशा गावांमध्ये माणसं कमी आणि भुतं भरपूर. कुठे जुनं हॉटेल, कुठे रेल्वे स्टेशन, कुठे एका खोलीची शाळा. आणि प्रत्येकाची एक स्टोरी, आणि प्रत्येक स्टोरीचा काकांनी केलेला सत्यानाश.

एका हॉटेलात पियानो आपोआप वाजायचा. काका पियानोखाली झोपले आणि पाच मिनिटांत बाहेर येऊन म्हणाले, "उंदीर." एका स्टेशनवर तिकिटाच्या खिडकीजवळ बर्फासारखी थंड जागा होती. काकांनी फळीमागची फट शोधली, कॉक भरलं, आणि दोन वाजता थंड असलेलं भूत तीन वाजता नॉर्मल टेम्परेचरला आणलं. तिथला टूर गाइड उंच काळी टोपी आणि खोट्या मिशा लावून फिरत होता. तो रडवेला होऊन म्हणाला, "सर, निदान टूर संपेपर्यंत तरी थांबायचं!"

आंबेडकर जयंतीच्या प्रोग्रॅममध्ये काकांनी यावर चाळीस मिनिटं स्लाइड शो दिला होता. तेवढ्यात जेवण थंड झालं. शेवटी एका छोट्या मुलीने विचारलं, "बट अंकल, डिड यू सी एनी?" काका म्हणाले, "नो बेटा, ओन्ली होल्स."

हे सगळं मी मैत्रिणींना व्हॉइस नोटवर सांगायचे आणि त्या हसून लोळायच्या. पण एक गोष्ट मी कधी सांगितली नाही, कारण ती सांगितली की जोक बसायचा नाही. गाइडची स्टोरी नेहमी शेवटी एखाद्या मरणाशी यायची. अमकी नवरी पायऱ्यांवरून पडली, तमका मुलगा तापाने गेला, आणि तेव्हापासून तो इथे फिरतो. सगळे 'ऊऊ' करायचे. आणि मागून काका हात वर करून विचारायचे, "वॉज डॉक्टर कॉल्ड?"

डॉक्टर बोलावला होता का? प्रत्येक भुताबद्दल. प्रत्येक वेळी. गाइड गोंधळायचे, बाकीचे लोक हसायचे, मी पण हसायचे. काका हसायचे नाहीत. 'नाही माहीत' असं उत्तर आलं की मान खाली घालून वहीत काहीतरी खरडायचे.

मागच्या नोव्हेंबरमध्ये आम्ही एका छोट्या गावातल्या जुन्या हॉस्पिटलमध्ये गेलो. आता ते म्युझियम आहे. दोन मजले, लाकडी, वर मुलांचा वॉर्ड. पश्चिमेचा वारा सुटला की त्या वॉर्डमध्ये कोणीतरी गुणगुणतं, अशी ख्याती. माहितीपत्रकात लिहिलेलं की ते एका नर्सचं भूत आहे, आजारी मुलांना झोपवतं.

रविवारी तिथे डोरिस आजी असतात. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, व्हॉलंटियर, लॅव्हेंडर रंगाचा स्वेटर. त्यांनी नर्सची गोष्ट सांगितली आणि काकांनी हात वर केला.

"डॉक्टर बोलावला होता का?"

"डिअर," आजी म्हणाल्या, "ती हॉस्पिटलमध्येच होती."

मी इतकी हसले की मला पाणी द्यावं लागलं. काकासुद्धा थोडे हसले.

मग आम्ही वर गेलो. लोखंडी छोट्या खाटा, पांढऱ्या चादरी. आणि खरंच, आवाज येत होता! माझ्या अंगावर काटा आला. हळू, एकसुरी, तोंड मिटून कोणीतरी गुणगुणावं तसा. काकांनी कान लावत लावत भिंत चाचपली. पूर्वी तिथे स्टोव्ह होता, त्याच्या पाइपचं भोक भिंतीत तसंच होतं. वर पत्र्याचं झाकण, झाकणाची एक कड उचललेली. वारा त्यात शिरला की वाजायचा.

काका खाली जाऊन आजींना म्हणाले, "वर ड्राफ्ट आहे, गार वारा आत येतोय. फिक्स करून देऊ?"

"ओह, दॅट वुड बी लव्हली, डिअर," आजी म्हणाल्या.

अर्ध्या तासात काकांनी भोकात इन्सुलेशन ठासलं, झाकण स्क्रूने आवळलं, कडेने कॉकची रेघ ओढली. वॉर्ड गप्प झाला. आजींनी आम्हाला सॅस्काटून बेरी भरून भाजलेला गोड 'पाय' खाऊ घातला. वहीत लिहिलं: कारण: भोक. उपाय: बंद केलं. उत्तर: नाही.

आता काकांची अजून एक सवय. महिन्याने फॉलो-अप. लीक बंद केलं की परत जाऊन बघायचंच, नोकरीची सवय आहे ती. तर डिसेंबरमध्ये आम्ही परत गेलो. वारा असा की गाडी लेनमध्ये ठेवताना माझे हात दुखले. म्युझियमसमोरचा झेंडा फडफडत नव्हता, चाबकासारखा वाजत होता.

खाली कोणीच नव्हतं. काकांनी त्या वाऱ्याच्या गडबडीत दारावर थापा मारल्या नाहीत, हे मला नंतर आठवलं. आम्ही वर गेलो. डोरिस आजी कोट, टोपी, सगळं घालून एका खाटेशेजारी खुर्चीवर बसल्या होत्या. वॉर्डमध्ये हीटिंग होतं, तरी कोट.

"सगळं ठीक आहे ना? ड्राफ्ट नाही ना आता?" काकांनी विचारलं.

"नाही, नाही. छान उबदार झालंय," आजी म्हणाल्या. मग खाटेकडे बघत, "फार शांत झालंय."

काकांना ते कौतुक वाटलं. ते झाकण तपासायला पुढे झाले. मला मात्र आजींचा चेहरा दिसत होता. मी खाली बसून विचारलं, "आर यू ओके?"

मग त्यांनी सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ टेडी, सहा वर्षांचा, घटसर्पाने आजारी होऊन याच खोलीत होता. आजी नऊ वर्षांच्या होत्या. त्यांना आत सोडत नव्हते, म्हणून त्या खाली बर्फात, खिडकीखाली उभ्या राहायच्या. शेवटच्या दिवशी असाच वारा होता. त्यांना वरून गुणगुणणं ऐकू आलं. टेडी नेहमी गुणगुणायचा. त्यांना वाटलं, बरा झाला. त्या पळत घरी सांगायला गेल्या.

"घरी पोचले तेव्हा तो गेल्याचा निरोप आधीच आला होता," आजी म्हणाल्या.

काका झाकणाजवळ उभे होते, हातात स्क्रूड्रायव्हर.

"तो आवाज ह्या भोकाचा होता," काका अगदी हळू म्हणाले.

"मला माहीत आहे, डिअर. माझ्या वडिलांनी त्याच आठवड्यात मला दाखवलं होतं. मी काही वेडी नाही." त्या हसल्या. "पण मी दर रविवारी येते ती ह्या आवाजासाठी."

"मग मला थांबवलं काहून नाही?" काकांच्या तोंडून मराठीच निघालं. मी इंग्लिशमध्ये विचारलं.

"हा 'ड्राफ्ट आहे' म्हणाला. मला वाटलं खिडकी. आणि नंतर... इतक्या लांबून येऊन केलं होतं बिचाऱ्याने."

बाहेर वारा आदळत होता आणि आत काहीच ऐकू येत नव्हतं.

"तू त्या दिवशी विचारलंस ना," आजी काकांना म्हणाल्या, "डॉक्टर बोलावला होता का म्हणून. टेडीसाठी बोलावला होता. तो तीन दिवस घरी गेला नाही. त्या तिथे, त्या खुर्चीवर बसून होता. तरीही."

काका खाटेच्या कडेवर बसले. मुलांची खाट, त्यांचे गुडघे छातीपर्यंत आले. मला वाटलं आता ते उठतील, काहीतरी मोजतील. ते उठले नाहीत. त्यांच्या त्या यवतमाळी इंग्लिशमध्ये म्हणाले, "माय सिस्टर. शकू. शी वॉज ट्वेल्व्ह. ओन्ली फीव्हर. दे सेड, घोस्ट."

मग ते माझ्याकडे बघून मराठीत बोलले, जणू उरलेलं मीच आजींना सांगायचं होतं. "आठ दिवस मांत्रिकापाशी बसवलं पोरीले. मिरच्यांची धुनी. मी दहा वर्षांचा. मलेच सांगितलं होतं, तिचे हात धरून ठेव, नाही त पोरगी सुटून जाईन. मी धरून ठेवले." त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. "दवाखाना अकरा किलोमीटरवर होता."

मी आजींना सांगितलं. कसं सांगितलं, मला आठवत नाही. धुनीला इंग्लिश शब्द सापडेना.

आजींनी काकांच्या बाहीवर हात ठेवला. दोघं तसेच बसले. मी खिडकीतून झेंड्याकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते कळेना.

मग काका उठले. स्टुलावर चढून त्यांनी कॉकची रेघ ब्लेडने कापली, स्क्रू काढले, आतलं इन्सुलेशन ओढून बाहेर काढलं. झाकण लावलं आणि त्याची कड पूर्वी होती तेवढीच अंगठ्याने वर वाकवली. दोनदा वाकवून बघितली. पहिल्यांदा आवाज चढा आला. दुसऱ्यांदा बरोबर आला.

डोरिस आजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि डोळे मिटले.

आम्ही हळूच निघालो. वॉर्डच्या दारात काका थांबले, चौकटीवर हात ठेवला आणि झोपलेल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "जय भीम." आकडे मोजले नाहीत.

गाडीत बसल्यावर त्यांनी वही माझ्याकडे दिली.  

"लिही. जागा तीच. कारण तेच."

"उपाय?"

"नको. 'नको' असंच लिही."

मी लिहिलं. मग पेन शेवटच्या रकान्यावर आणलं. "आणि उत्तर? 'नाही' लिहू ना?"

काका काचेतून वरच्या मजल्याकडे बघत होते.

"ते कोरं राहू दे, पोरी."