चव्हाणभाऊंचे देव

एकदा चव्हाणभाऊंनी रोजा आणि संकष्टी असे दोन उपास एकाच दिवशी धरले. दुपारी बैलाचे पाय बांधता बांधता त्यांनी मला विचारलं, "सायब, रोजा सुटते सूर्य बुडाल्यावर. चतुर्थी सुटते चंद्र निंगाल्यावर. मधातल्या टायमाले म्या उपाशी का जेवलेला?"

शेवटी त्यांनीच तोड काढली. सूर्य बुडाल्यावर ते फक्त खजूर खाणार होते. "खजूर दोन्हीकडं चालते. आपन तपास केला."

मी राळेगाव तालुक्यातल्या एका जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होतो आणि रामधन चव्हाण तिथले परिचर. जवळच्या बंजारा तांड्यावरून सायकलनं यायचे. उंच, काटक माणूस. उधळलेला गोऱ्हा त्यांनी नुसता कानाशी हात नेला तरी उभा राहायचा. पण स्वतः मात्र कुठल्या एका देवाजवळ उभे राहायला तयार नव्हते. सहा महिने विहारात गेले, त्रिशरण पाठ केलं आणि म्हशीला इंजेक्शन देताना ते पुटपुटू लागले. मग शुक्रवारी मशिदीत. मग रविवारी एसटीनं यवतमाळला, चर्चमध्ये. दाराबाहेर चपला काढणारे हे एकटेच, त्यामुळे परत निघताना तिथल्या फादरनी स्वतः त्या आणून दिल्या. त्याचं भाऊंना फार कौतुक. "मोठा माणूस हाये, सायब. चपलेले हात लावला."

कुठंही गेले की गर्दी पांगेपर्यंत थांबायचे आणि तिथल्या जाणत्या माणसाला बाजूला घेऊन काहीतरी विचारायचे. काय, ते आम्हाला सांगायचे नाहीत. "इचारून पाहायले काय जाते?" एवढंच. आम्ही त्यांची भरपूर चेष्टा केली. शेतकरीसुद्धा बैल सोडता सोडता म्हणायचे, "काहून चव्हाणभाऊ, सध्या कोन्या खात्यात बदली?" तेही हसायचे.

एका बाजाराच्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती. मी गाईची जखम धूत होतो, भाऊंनी दावं धरलं होतं. एकदम खालच्या आवाजात ते म्हणाले, "सायब, तुमी शिकलेले. मेलेल्या मानसाची माफी मांगता येते काय?"

मी मान वर न करता म्हणालो, "मेलेल्याची कशाला? आधी जित्याची मागा. काल लस फ्रीजबाहेर कुणी ठेवली?"

सगळे खो खो हसले. चव्हाणभाऊही हसले. पुन्हा त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. पुढं माझी पुसदला बदली झाली.

मागच्या उन्हाळ्यात त्या बाजूला गेलतो, तेव्हा तांड्यावर त्यांच्याकडं गेलो. भाऊ निवृत्त झालेले. केस पांढरे झाले होते. बाजेवर बसवून त्यांनी चहा मागवला. सध्या कोणता देव चालू आहे, असं मी सवयीनं विचारलं. या वेळी ते हसले नाहीत.

"मले लहान भाऊ होता, सायब. सुभाष. होळीले सारा तांडा देवळापुढं जमा झाला अन् हा म्हने, मी पाया पडत नाही, तो दगड हाये. म्या सगळ्याईसमोर त्याले मारलं. म्हनलं, पुन्हा तोंड दाखवू नको. तो सुरतेले गेला. चार वर्सांनी तापानं मेला. खबर आली तवा सारं आटपलंतं."

मग म्हणाले, "देवासाठी मारलं ना म्या. मंग त्याच देवापुढं कोन्या तोंडानं उभा राहू? म्हनून दुसऱ्या देवाइले इचारत हिंडलो. सारे चांगलं बोलले. कोनी म्हने दुवा मांग, कोनी म्हने दान कर. सारं केलं. पन भावानं माफ केलं का, काही समजे नाही."

"मग?"

"रिटायर झालो अन् हिंमत करून सुरतेले गेलो. त्याची खोली सापडली. संग राहनारा युनूस अजून तिथंच होता. त्यानं माहं तोंड पाहूनच वळखलं. म्हने, किती उशीर केला. सुभाष दर होळीले बॅग भरून बसे. म्हने, भाऊ रागीट हाये, पन यंदा बलावनार. चारी होळ्या भरली अन् चारी होळ्या खाली केली. पाचवीले भरली अन् होळीच्या आधीच गेला. भरलेली बॅग युनूसनं तशीच ठेवली होती. भाऊ येईन म्हनून."

मी त्या जुन्या थट्टेबद्दल काही बोलणार होतो. तोवर भाऊ आत गेले आणि एक रेक्झिनची बॅग घेऊन आले. आत दोन सदरे, एक टॉवेल, आणि अगदी तळाशी कागदात गुंडाळलेला पिवळा फ्रॉक. चारपाच वर्षांच्या मुलीच्या मापाचा, दुकानाची चिठ्ठी अजून टाचलेली.

"माह्या पोरीसाठी घेतलता," भाऊ म्हणाले. "त्यानं घर सोडलं तवा येवढीच होती ते."

चहा घेऊन ती मुलगीच बाहेर आली. उन्हाळ्याची माहेरी आली होती. तिच्या कडेवर लेकरू होतं, मुलगा. भाऊंनी फ्रॉक परत कागदात गुंडाळला, होत्या त्याच घड्यांवर, आणि बॅगेत ठेवला.